जुन्या डब्यांची नावं

मी चौथीपर्यंत शिकले. पण माझी सून उज्वला कॉम्प्युटरवर अडली की मलाच विचारते, हे गंगापूर रोडच्या बायकांना पटत नाही. न पटो.

शेतातली मोटार मोबाइलवरून चालू करणारे डबे तिची कंपनी बनवते. अगदी पहिल्या वर्षीचा एक डबा सायखेड्याला माझ्या भावाच्या, नाथाच्या, मोटारीला बसवलाय. नाथा बहात्तरचा, गुडघे गेलेले. मोटार नदीकाठी, वाटेत ऊस, उसात बिबट्या. ओट्यावर बसून बटण दाबलं की त्याचं पाणी सुरू.

एकदा उज्वला डोकं धरून बसली होती.

"आई, जुन्या डब्याला हुकूम वेगळा लागतो, नव्याला वेगळा. सगळं एकाच नावाखाली कालवलंय. नावं काय देऊ?"

"लग्नघरात आपली नि शेजारणीची भांडी मिसळू नयेत म्हणून काय करतो? नावं घालून ठेवतो. जुन्याच्या हुकमाला जुना म्हण, नव्याच्या हुकमाला नवा. आंधळ्यालाही वेगळं काढता आलं पाहिजे."

"एवढं सोपं?"

"तुमच्या पगाराला न शोभण्याइतकं."

तिनं तसंच केलं. 'जुना चालू', 'जुना बंद', अशी सगळी नावं. साहेबांनी तिचं कौतुक केलं. मी ते चार घरी सांगितलं.

दिवाळीनंतर साहेबांनी ठरवलं, जुने डबे आता सांभाळायचे नाहीत. आधी सगळं कालवलेलं होतं, तेव्हा त्यात हात घालायची कुणाची छाती झाली नसती. आता त्यांनी कॉम्प्युटरवर 'जुना' शोधलं आणि एका सकाळीत ते सगळे हुकूम उपटून टाकले.

संध्याकाळी उज्वला आली ती चप्पल न काढताच बसली. "मी नाथामामांचं सांगितलं, आई. साहेब म्हणाले, नवा डबा घ्या असा मेसेज सगळ्यांना गेलाय."

"नाथाला वाचता येतं?"

मी नाथाला फोन लावला. भावजयीनं, ठमाबाईनं उचलला.

"बटण दाबून दाबून बोट दुखलं त्यांचं. फोन बिघडला म्हणले, नि काठी घेऊन गेले नदीवर."

"कधी?"

"जेवल्यावर. अजून आले नाय. फोन हितंच टाकून गेले. काय काम व्हतं, वन्स?"

मी फोन ठेवला नि चप्पल शोधू लागले.

"नावं मी दिली, आई," उज्वला म्हणाली.

"गप. नावं माझी आहेत. गाडी काढ."