मोडायचा राहिलेला बाँड

मित्रांनो, मी शंभर पौंडांचा प्रीमियम बाँड आहे. वय सतरा वर्षे, पण कागदासाठी हे म्हातारपणच. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि मधल्या घडीवर मी विरत आलो आहे. इंग्लंडमधल्या बर्स्लेम गावात मॅचिन नवराबायकोच्या कपाटात, सणासुदीच्या टेबलक्लॉथखाली, माझा मुक्काम असतो.

एडना मॅचिनने मला जून १९५७ मध्ये पोस्टातून विकत घेतले. ती चिनी मातीच्या कारखान्यात कपांच्या कडांवर सोनेरी रेघ ओढते. तिची धाकटी बहीण ऑलिव्ह आदल्या वर्षी नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहायला गेली होती. बोटीने जाऊन-येऊन भाडे दोनशे चाळीस पौंड. एडनाला तिला एकदा भेटायचे होते. मी त्याच भाड्याची सुरुवात होतो.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. माझ्यावर व्याज मिळत नाही. माझ्या प्रत्येक पौंडाला एक आकडा आहे. दर महिन्याला यंत्र आकडे काढते आणि ज्याचा निघेल त्याला बक्षीस मिळते. न निघाला तरी मुद्दल शाबूत राहते. हवे तेव्हा अर्ज करावा, मला मोडावे आणि शंभर पौंड परत घ्यावेत.

एडनाचा नवरा हॅरल्ड भट्टीवर कामाला होता. तो पक्का मेथडिस्ट, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथातला. दारू नाही, पत्ते नाहीत.

"जुगार आणलास घरात," तो म्हणाला.

"जुगारात पैसे जातात. हे कुठे जातायत?"

"मुद्दल नाही जात. पण त्याचं व्याज? सगळ्यांचं व्याज गोळा करून कुणा परक्याला बक्षीस देतात. पतसंस्थेत टाकले असतेस तर साडेतीन टक्के तुझेच होते."

"साडेतीन टक्क्यांत स्वप्नं पडतात का रे?"

"झोप तरी शांत लागते."

दोघांचेही बरोबर होते. मला त्या दिवसांत फक्त एडनाचे पटायचे.

पहिले सहा महिने मी सोडतीत नव्हतोच, तसा नियमच होता. त्यानंतर दर महिन्याला एडना मला उलगडून आकडे तपासू लागली. कारखान्यात शेजारी बसणारी नोरा शॉ विचारायची, "राणीसाहेब, आज कामावर कशा? आम्हाला वाटलं, लागलं बक्षीस." एडना रेघ न हलवता म्हणायची, "तुझी आठवण येईल म्हणून थांबलेय गं." पण बक्षीस लागत नव्हते. भाड्याची उरलेली रक्कम ती पगारातून पोस्टातल्या साध्या खात्यात टाकत होती.

चौथ्या-पाचव्या वर्षी एक बदल झाला. हॅरल्ड दर शनिवारी ओट्सची धिरडी आणायला जात असे. महिन्यातल्या एका शनिवारी ती गार येऊ लागली.

"धिरडी गार कशी?"

"रांग होती."

"कुठे, वाचनालयात?"

वाचनालयातल्या वर्तमानपत्रात तो माझे आकडे शोधत असे. त्याच्या बंडीच्या खिशात माझ्या आकड्यांची चिठ्ठी होती. मला त्याचा अभिमान वाटला, हे आज लाज वाटून सांगतो.

मे १९६४ मध्ये ऑलिव्हचे पत्र आले. पोटाचे ऑपरेशन झाले होते, डॉक्टर स्पष्ट बोलत नव्हते. "जमलं तर ये, एडी," एवढेच शेवटी होते. पोस्टात एकशे चाळीस पौंड जमले होते. माझे शंभर मिळवले की भाडे पूर्ण होत होते. बोट दोन जूनला सुटणार होती आणि चार जुलैला ॲडलेडला पोचणार होती. एडनाने मला मोडायचा अर्ज भरला.

तेव्हा हॅरल्ड म्हणाला, "जूनची सोडत तोंडावर आलीय. सात वर्षं थांबलो, आता मोडला आणि आपलाच आकडा निघाला असता असं वाटलं तर? पुढच्या बोटीनं जा."

मोडलेल्या बाँडचा आकडा सोडतीत राहतच नाही. तो निघालेला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण भीतीला हे कोण सांगणार? एडनाने अर्ज पर्समध्ये ठेवला. जूनमध्ये काही लागले नाही. मग ठरले, फक्त जुलै.

जुलैमध्ये माझा आकडा निघाला. पंचवीस पौंड. हॅरल्डने पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. "सात वर्षांचं सरळव्याज साडेचोवीस झालं असतं. तुझा बाँड दहा शिलिंगांनी, अर्ध्या पौंडानं पुढे आहे, एडना. मी हरलो." चक्रवाढीने सत्तावीस झाले असते, पण तो हिशेब त्याने केला नाही. दोघे खूप हसले. अर्ज सोमवारी टाकायचा ठरला.

तार त्याआधी आली. ऑलिव्ह पंधरा तारखेला गेली होती. दोन जूनची बोट धरली असती, तर एडनाला बहिणीजवळ अकरा दिवस मिळाले असते.

बक्षिसाचे पंचवीस पौंड एडनाने हॅरल्डसमोर ठेवले. "तुझ्या पतसंस्थेत टाक," एवढेच म्हणाली.

आज १९७४ साल आहे. महागाई अशी, की मी एकटा आता पाव वाटेपर्यंतही पोचवू शकणार नाही. मागच्या महिन्यात टेबलक्लॉथ काढताना हॅरल्डच्या हाताला मी लागलो.

"हा मोडून टाकू का?" त्याने विचारले.

"कशासाठी?" एडना म्हणाली.

त्याने मला पुन्हा घडीत ठेवले.

मित्रांनो, व्याज घ्यावे की बक्षिसाची वाट पाहावी, हे मी सांगणार नाही. दहा शिलिंगांचा फरक मी पाहिला आहे. एवढेच मागतो: पैसे कोणासाठी साठवलेत ते माझ्या पाठीवर लिहून ठेवा. त्या माणसाने बोलावले, की त्याच दिवशी मला मोडा. मला दुखत नाही.