निवाल्दोचा ठिपका

मी रडार बोलतेय. ट्रकच्या पाठीवर बसून, डोक्यावर दोन जाळीदार परड्या घेऊन गरागरा फिरणारी. चाळिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, माहीत आहे. पण मला कामच तसं दिलं होतं.

जन्म रशियातल्या थंडीतला. बोटीनं क्युबात आले, कायबारिएनच्या किनाऱ्यावर एका टेकाडावर उभी राहिले, आणि खाऱ्या वाऱ्यानं पहिल्याच वर्षी माझा रंग उतरवला. उंचावरची विमानं बघायला दुसऱ्या मोठ्या रडारबाया होत्या. मी बघायची ती खालून, गुपचूप जाणारी. थोडक्यात, उंबऱ्यात बसून कोण कुठं चाललंय ते बघणारी शेजारीण.

माझ्या पोटात पडद्यासमोर सार्जंट एलिएसेर बसायचा. पोरगा चांगला, फक्त सदा भुकेला. तेव्हा सगळेच भुकेले होते. रशियाचं तेल यायचं थांबलेलं, लोक सकाळी साखरपाणी पिऊन कामाला जायचे.

त्याच्या ताईचा, ओदालिसचा नवरा निवाल्दो उसावर औषध फवारायचं विमान चालवायचा. रविवारी टेकाडाखाली डॉमिनोचा डाव पडला की मेहुण्या-मेहुण्यांची जुंपायची.

“तुझ्या या म्हातारीला मी दिसतो तरी का रे? उसाच्या शेंड्यांना चाकं पुसत जातो मी.”

“दाजी, तुम्ही जांभई दिलीत तरी तिला कळतं.”

“मग सांग तिला, अशी टक लावून बघू नकोस म्हणावं. बायको आहे मला.”

“तिला तर पाणकोळी पक्षीसुद्धा विमान वाटतात,” ओदालिस म्हणायची. “तुझं काय कौतुक! खेळ मुकाट्यानं.”

खोटं नव्हतं ते. माझी खोडच होती तशी.

एका सकाळी निवाल्दोचा ठिपका उसावर वळलाच नाही. सरळ उत्तरेला, समुद्रावर निघाला. तिकडे फ्लोरिडा, म्हणजे अमेरिका; देश सोडून पळणारे तिकडेच जायचे. एलिएसेर पडद्याला नाक लावून बघू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

“काय रे, समुद्रावर काय हलतंय?” कॅप्टननं विचारलं.

“पक्षी आहेत, कॅप्टन.”

“नक्की?”

“नेहमीचेच.”

त्यानं फोन ठेवला आणि पडद्याला म्हणाला, “जा, दाजी. लवकर जा.”

मग ठिपका विझला.

आता नीट ऐका. कोण किती उंचावर आहे ते मला कळत नाही, पण माझी नजर कुठं संपते ते मला पक्कं ठाऊक आहे. निवाल्दो त्या टोकाच्या बराच अलीकडे होता. लाटा चाटत गेला असता, तरी तिथं मला दिसायलाच हवा होता. मी एक फेरी मारली. दुसरी मारली. नुसतं पाणी.

एलिएसेरलाही ते कळलं. गप्प राहिला असता तर तो सुटला असता. त्यानं फोन उचलला.

“कॅप्टन, पक्षी नव्हते. विमान होतं. पडलंय. बोट पाठवा.”

“कुणाचं विमान?”

“आमच्या दाजींचं. पाठवा हो लवकर!”

संध्याकाळी बोट एक चाक घेऊन परतली. बाकी काही नाही.

आधी खोटं बोलला म्हणून एलिएसेर तुरुंगात गेला. आणि गावात बोलवा उठली, की मेहुण्यानं चुगली केली, म्हणून लष्करानं विमान पाडलं. ओदालिसनं ते खरं मानलं. नवरा समुद्रानं नेला, यापेक्षा भावानं घालवला हे तिला सोपं गेलं असेल. निदान शिव्या द्यायला माणूस तरी मिळतो.

मी आता साखर कारखान्यामागे उभी आहे. परड्या काढून नेल्या. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालतात, म्हणजे पोटात काहीतरी कामाचं आहे अजून. सुटल्यावर एलिएसेरला इथंच भंगार उचकटायचं काम मिळालं. एकदा ओदालिस आली होती, आईच्या घराची किल्ली परत करायला.

“ताई, तो आधीच पडला होता गं. मी नंतर फोन केला.”

“कुणी पाहिलं?”

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, किल्ली माझ्या पायरीवर ठेवली आणि निघून गेली.

मी ओरडले असते. पण आम्हाला नुसतं बघायला शिकवतात.

तुमच्यापैकी कुणी कधी कायबारिएनला गेलं, तर ओदालिसचं दार वाजवा. ठिपका आधी विझला, फोन नंतर झाला, एवढंच सांगा. माझं नाव मात्र घेऊ नका, नाहीतर तुम्हालाही ती बाहेरच ठेवील.