चुकीच्या नावाचं सुतक

मी मधमाश्यांची पेटी बोलतेय. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात, हुल्डाबाईंच्या सफरचंदांच्या बागेत विटांवर बसलेली. त्यांच्या नवऱ्याने मला बनवलं, म्हणून मी जराशी वाकडी आहे. माणूस भला होता, पण करवत काही त्याच्या हाताला वळली नाही.

आमच्याकडची रीत अशी, की घरात काही घडलं की पेटीला सांगायचं. घराच्या किल्लीने तीनदा टकटक करायची आणि बोलायचं. लग्न असो, बाळंतपण असो. मरण तर सांगायलाच हवं, नाहीतर माश्या रुसून निघून जातात. रुसणारच. घरातल्यांनाच डावललं तर कुणाला राग येणार नाही?

नवरा गेला ते हुल्डाबाईंनीच येऊन सांगितलं. पुढे उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं आणि त्यांचा एकुलता एक एझ्रा निळा कोट घालून, किल्ली घेऊन आला. कॉलरच्या आत आईने लाल दोऱ्याने त्याचं नाव भरलं होतं.

"चाललो गं बायांनो," तो म्हणाला. "आईला डसू नका. ती आधीच चिडकी आहे."

दुसऱ्या हिवाळ्यात कप्तानाचं पत्र आलं. पहाऱ्यावर असताना तोंडावर गोळी लागली, कॉलरमधल्या नावावरून ओळख पटली, तिथेच पुरलं. हुल्डाबाईंनी टकटक केली. "आपला एझ्रा गेला," एवढंच म्हणाल्या. मला काळं फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आणखी कुणीतरी टकटक करू लागलं. तीनदा, अगदी रीतीप्रमाणे. पण पुढे बोलणं नाही. बर्फावर पाऊल उमटलेलं नसायचं. हात एझ्राचा नव्हता, त्याचा हात मी ओळखते. आतल्या माश्या एकदम गप्प व्हायच्या. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

एप्रिलमध्ये एझ्रा स्वतः बागेच्या फाटकातून आत आला.

हुल्डाबाईंनी त्याचा चेहरा चाचपला, मग कॉलर उलटी केली. लाल दोरा नव्हता.

"हा कोट कुणाचा?"

"केलेबचा. माझ्या तुकडीतला." तो माझ्याशेजारी मटकन बसला. "पहारा माझा होता, आई. मला ताप भरला होता. तो म्हणाला, तू पड, मी उभा राहतो. माझा कोट जाड, म्हणून तो त्याला दिला आणि त्याचा मी पांघरला. इस्पितळात शुद्ध आली तेव्हा कोटाच्या खिशातल्या कागदांवरून सगळे मला केलेब म्हणत होते."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात त्याच्या आईचं पत्र आलं."

त्याने ते खिशातून काढून दिलं. हुल्डाबाईंनी मोठ्याने वाचलं. 'बाळा, तू बरा होतोयस हे मी माश्यांना सांगितलं. लवकर घरी ये.'

"खरं सांगितलं असतं तर तिचा मुलगा मेला असता," एझ्रा म्हणाला.

"आणि माझा मेलेला चालला तुला?"

हुल्डाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

"तीन महिने मी सुतक पाळलं," त्या म्हणाल्या. "ते तिचं होतं रे."

"तिला कसं सांगू?"

"मी सांगितलं तसं." त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

त्याने टकटक केली. "केलेब गेला," तो म्हणाला. "माझ्या कोटात. माझ्या जागी."

हुल्डाबाईंनी माझं काळं फडकं सोडून त्याला दिलं. "तिच्या पेटीला लागेल. नीघ." परत आलेल्या लेकाला त्यांनी घोटभर कॉफीपुरतंही थांबवलं नाही.

केलेबचं गाव तीन दिवसांच्या वाटेवर होतं. तिन्ही सकाळी ती टकटक झाली. चौथ्या सकाळी मी वाट पाहिली, ऊन फळ्यांवर आलं, तरी कुणी आलं नाही. एझ्रा पोचला होता.

आता माझ्यात माश्या नाहीत. फळ्या कुजल्यात, घरात परकी माणसं राहतात. त्यांच्याकडे किल्ली आहे, पण मला सांगायला कुणी येत नाही. माझं चालेल. तुमच्याकडे मात्र कुणाची बातमी अडकून राहिली असेल, तर जाऊन सांगा. न सांगितलेलं माणूस रोज सकाळी दाराशी येतं. मी ऐकलंय.