हार काढायचा नाही

प्रतिभा हवाईहून परतली ती तिथल्या गुरुबाईंना शब्द देऊन: हुला नाच शिकवीन, पण नीट शिकवीन. पिंपळवंडीच्या महिला मंडळातल्या सहा जणी तिने हाताशी धरल्या. हातांनी समुद्र दाखवायचा, तो कुणी पाहिलेला नव्हता. म्हणून तालीम येडगाव धरणाच्या काठावर. लंकाबाईंची लाट बरेच दिवस भाकरी थापल्यासारखी यायची.

मंडळ बायकांचं असलं तरी सल्लागार दादाभाऊ होते.

"गवताचे घागरे न्हाईत? मग हवाई कसं वाटणार, ताई?"

"साडीतच नाचणार आहोत."

"बघा बुवा. पब्लिक नाराज व्हईल."

पब्लिकची त्यांना फार काळजी. गेल्या वर्षी त्यांचे सत्कार आणि भाषणं लांबली, तेवढ्यात जेवणं सुरू झाली आणि फुगड्या राहून गेल्या. लंकाबाईंनी बजावलं होतं, "यंदा नाचायला मिळालं न्हाई तर आमी मंडळ सोडलं. तुमी आन् तुमचा समुद्र."

वर्धापनदिनी दादाभाऊंनी ऐनवेळी पाच पाहुणे आणले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून सगळे स्टेजभर खुर्च्या टाकून बसले. हार कमी पडले, तेव्हा दादाभाऊंनी नाचणाऱ्यांसाठी केलेल्या झेंडूच्या सहा माळा मागवल्या. पाच पाहुण्यांना, सहावी स्वतःला.

नाचणाऱ्या बायकांनीच त्या एकेकाच्या गळ्यात घातल्या. पाहुण्यांचे आणि दादाभाऊंचे हात सवयीने गळ्याकडे गेले, तोच प्रतिभाने माईक घेतला.

"हवाईत अशी माळ घालणाऱ्यासमोर काढणं म्हणजे त्याचा अपमान. घालणाऱ्या आम्ही सगळ्या इथेच उभ्या आहोत."

समोरच्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निवडणूक तोंडावर होती. सहा हात खाली आले.

दादाभाऊंनी भाषण उघडलं. हवाई बेटांवर शिवजन्मभूमीचे संस्कार कसे पोचले, इथपर्यंत ते आले आणि पोटावर त्यांना गार लागलं. झेंडू ताजा राहावा म्हणून लंकाबाईंनी माळा सकाळपासून बादलीत बुडवून ठेवल्या होत्या. पांढऱ्या सदऱ्यांवर पिवळे ओघळ उतरत होते.

"फार पाणी मारलंत का हो?" प्रतिभाने लंकाबाईंना हळूच विचारलं.

"लई कुठं? लागंल तेवढंच."

एका पाहुण्याला अचानक फोन आला. दुसऱ्याला पहिल्याला शोधायचं होतं. उरलेले कारण न सांगताच उठले. शेवटी दादाभाऊ भाषणाची घडी करून मंडपामागे पळाले. पाहुणे उठलेले पाहून निम्मं पब्लिकही जेवणाकडे धावलं. संस्कृतीची भूक तेवढीच होती.

स्टेज मात्र मोकळं झालं. मंडळातल्याच शमाने वाळक्या भोपळ्यावर ताल धरला. सहा जणी मोकळ्या गळ्यांनी नाचल्या आणि लंकाबाईंची लाट अगदी लाटेसारखी आली. उरलेल्या बायका जागच्या हलल्या नाहीत.

नाच संपला, फोटोवाला पुढे झाला. तेवढ्यात दादाभाऊ धावत आले. सदरा बदललेला, गळ्यात तीच माळ, नीट पिळून घेतलेली. मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं,

"ताई, ती लाट कशी करायची म्हणालात?"