बुंध्याकडचं टोक

तिसरा भालाही आडवाच पडला.

"काका, हा भाला आहे की कपडे वाळत घालायची काठी?" फेकणारी मुलगी हसत म्हणाली. कॉलेजात तिच्याइतकं लांब फेकणारं कुणी नव्हतं, म्हणून तर भाल्यांची परीक्षा घ्यायला संग्रहालयातल्या मॅडमनी तिला मैदानावर बोलावलं होतं. पण हातातून सुटला की भाला डुलायचा, शेपूट खाली टाकायचा आणि वीस-बावीस पावलांवर लोळण घ्यायचा.

मिस्त्री भाला उचलून आणायला गेले. संग्रहालयाच्या सुतारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. हे भाले त्यांनीच तासले होते, मॅडमच्या सांगण्यावरून, काचेच्या कपाटातल्या भाल्यासारखे हुबेहूब. आणि कपाटातला तो भालाही त्यांचाच, एकतीस वर्षांपूर्वीचा. लाखो वर्षांपूर्वीची शिकारी माणसं असा भाला वापरत, असं त्याखालच्या पाटीवर लिहिलं होतं.

मॅडम संग्रहालयात नव्याने आलेल्या, वयाने मिस्त्रींच्या मुलीएवढ्या. त्यांनी वही मिटली. "झालं तर मग. त्या लोकांना भाला फेकता येत नसणार. जनावराच्या अंगावर जाऊन भोसकत असतील. सोमवारी लेख पाठवून देते."

"येत नसणार?"

"हा भालाच सांगतोय ना, मिस्त्री."

भाला खोटं सांगत होता, आणि ते एकट्या मिस्त्रींना ठाऊक होतं.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना एक कोवळं झाड आणून दिलं होतं आणि सोबत एक कागद. "यात सगळं लिहिलंय, वाचून घ्या." मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती. सांगायची लाज वाटली. "वाचलं, साहेब," म्हणाले आणि चित्र बघून कामाला लागले. झाड बुंध्याशी जाड, शेंड्याकडे निमुळतं. टोक शेंड्यालाच करायचं, यात विचारायचं काय?

पुढे बायकोने त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. "अहो, पेन्सिल आहे ती, रंधा नाही. जरा सैल धरा," म्हणायची. अक्षरं लागू लागली आणि एके दिवशी खणात तो कागद सापडला. 'टोक बुंध्याच्या बाजूस करावे. तेथील लाकूड सर्वांत कठीण; वजनही पुढे राहते.'

मिस्त्रींनी घडी घालून कागद होता तिथे ठेवून दिला. कारण तोवर तो भाला त्यांच्या घरचाच झाला होता. माहेरचं माणूस येवो नाहीतर नवी शेजारीण, संग्रहालय दाखवून आणल्याशिवाय बायको कुणाला चहा देत नसे. कपाटापुढे उभी राहून सांगायची, "हा आमच्या ह्यांनी केलाय. सबंध एका झाडाचा. कुठे जोड दिसला तर दाखवा." तिला काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही मूठ झाकलेलीच होती.

पण आता चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. चूक मिस्त्रींची, आणि अडाणी ठरत होती ती माणसं, ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"मॅडम, लेख पाठवायच्या आधी आणखी एक फेक बघा," ते म्हणाले. "भाला मी आणतो."

सुतारखान्यात एक कोवळं खोड उरलं होतं. या वेळी टोक बुंध्याकडे. तिथलं लाकूड पटाशीला दाद देईना. दोनदा धार लावावी लागली. एवढे घट्टे पडलेल्या हातालाही फोड आला. दगडाच्या कपचीने हे तासायचं म्हणजे चिवट असणार मंडळी, मिस्त्रींच्या मनात आलं. आणि वाचता तर त्यांनाही येत नव्हतं. ते एकटेच हसले.

शनिवारी सकाळी मुलीने भाला हातावर तोलला. "काका, हा वेगळाच आहे. पुढे ओढतोय."

ती धावली आणि तिने तो फेकला. भाला डुलला नाही. सरळ गेला, जाता जाता नाक हलकेच खाली केलं आणि साठ पावलांच्या पुढे मातीत घुसून उभा राहिला.

"अरे बाप रे!" मॅडम धावतच तिथे गेल्या. परत आल्या त्या धापा टाकत. "मिस्त्री, काय केलंत तुम्ही?"

जरा नीट तासला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिस्त्रींनी खिशातून तो पिवळा पडलेला कागद काढून दिला.

मॅडमनी तो वाचला. "म्हणजे कपाटातला..."

"उलटा आहे. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. आणि वाचता आल्यावर बोलता आलं नाही."

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "लेखात मी हाच भाला घेते. पण कपाटातला राहू द्या की. काचेतून कुणाला कळतंय?"

"ती माणसं चांगली फेकत होती, मॅडम. शाळेची मुलं बघून जातात. त्यांना खरं दिसू दे."

सोमवारी दारं उघडायच्या आधी मिस्त्रींनी कपाट उघडलं आणि जुना भाला उतरवला. मागचं निळं कापड इतक्या वर्षांच्या उजेडाने राखाडी झालं होतं. फक्त भाला होता तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक निळी रेघ उरली होती, दुकानातून आत्ताच आणावी तशी. नवा भाला टोकाकडे जाड, त्याचे आकडे थोडे वर ठोकावे लागले. रेघ खाली तशीच राहिली.

"कापड बदलून घेऊ या का?" मॅडमनी विचारलं.

"राहू द्या तेवढं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी काच लावून घेतली.