आठ नंबरचे फूल

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. घाबरून मागे सरू नका. माझ्या पंखांतून डोकावतात त्या बंदुका नव्हेत, सायकलच्या पंपाच्या दांड्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझे पंख साडेतीन हात भरतात. तुमच्या या डोंबिवलीच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटावर, फाटक्या नकाशांच्या शेजारी मी दोन वर्षे बसून आहे. तुमच्यातल्या कुणीतरी माझ्या शेपटीवर पेन्सिलीने ‘कावळा’ असे लिहून ठेवले आहे. अक्षर चांगले आहे, म्हणून मी राग मानला नाही.

लढाऊ म्हणवत असले तरी मी आजवर एक मुंगीही मारलेली नाही. पण ज्याने मला बनवले, त्याला मात्र आपल्या हातून एक माणूस गेला असे वाटते. खरोखर तसे झाले की नाही, हे मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तेवढे सांगते.

माझा कर्ता सहदेव. मूळचा कोकणातला. मोठ्या युद्धात तो हवाई दलात फिटर होता आणि ब्रह्मदेशाच्या हद्दीजवळ एका तळावर विमानांची चाके बसवण्याचे काम करत असे. चाके, त्यांचे पाय, पायांतल्या स्प्रिंगा, एवढेच त्याचे खाते. इंजिन दुसऱ्यांचे, पेट्रोल तिसऱ्यांचे. तिथे एक विमान होते, त्याला सगळे ‘आठ नंबर’ म्हणत. ते चालवायचा ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचा दौलत. हुद्द्याने साहेब, पण सहदेवला “काय गाववाले, पाय ठीक आहेत ना माझे?” असे विचारून मगच चढणारा.

चव्वेचाळीस सालचा दसरा आला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला मी काय सांगावे. सहदेवने आठ नंबरला गंध लावले. फूल वाहिले, ते गुळगुळीत पत्र्यावरून घसरून पडले. पुन्हा वाहिले, पुन्हा पडले. वरचे अधिकारी हसतील म्हणून तो वाकून विमानाच्या पोटाखाली गेला. तिथे चाकाच्या खाचेशेजारी बोटाएवढ्या एका नळीचे तोंड उघडे होते. त्यात त्याने झेंडूचे फूल खोचले, हात जोडले आणि बाजूला झाला. आठ नंबर उडाले. वीस मिनिटांनी बिनतारी यंत्रावर दौलतचा निरोप आला, इंजिन बंद पडते आहे. त्यानंतर काहीच आले नाही. विमान सापडले नाही आणि दौलतही सापडला नाही.

युद्ध संपल्यावर सहदेव टेंभी नाक्यावर दौलतच्या आईला, रखमाबाईंना भेटायला गेला. काय बोलावे ते त्याला सुचेना, तेव्हा त्याने त्या फुलाची हकिगत सांगितली. कुठे खोचले तेही सांगितले. रखमाबाईंनी त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. पुढे जो भेटायला येई त्याला त्या सांगत, “माझा दौलत उघड्याबोडक्या विमानातून नाही गेला हो. पूजा झालेली, फूल वाहिलेलं. आपल्या माणसाच्या हातचं.” दहा वर्षे त्या बाई त्या एका फुलावर तग धरून होत्या.

आणि एकदा त्या म्हणाल्या, “सहदेवा, विमानं उडताना मी पुष्कळ बघितली रे. उतरताना एकही नाही. तो कसा उतरत असेल ते मला एकदा बघायचंय.”

त्या वाक्यातून मी जन्मले.

माझी हाडे सागाच्या पट्ट्यांची आणि कातडे जाड कागदाचे. मुठीएवढे इंजिन कल्याण कॅम्पातल्या भंगारात मिळाले. कुणा गोऱ्या सैनिकाने हौसेने आणले असावे आणि घरी जाण्याच्या घाईत टाकून दिले असावे. माझ्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघतात. त्या सहदेवच्या हातातल्या मुठीला बांधलेल्या असत. तो मधे उभा राहून गिरकी घेई आणि मी त्याच्याभोवती गोल उडे. मोकळे सोडले असते तर मी मुंब्र्याच्या डोंगरावर जाऊन बसले असते.

पहिली कामगिरी अर्थातच चाकांची. त्यात त्याचा हातखंडा, पण माझ्यासारख्या हलक्या जिवाची त्याला सवय नव्हती. पहिल्यांदा त्याने पाय जरा मागे बसवले. मी जमिनीला टेकले आणि सरळ नाकावर आपटले. त्याने पाय दोन बोटे पुढे घेतले. मग मी नाकावर पडेना, पण उसळ्या मारू लागले. तेव्हा त्याने पायांच्या पोलादी तारेला वरच्या बाजूला दोन वेढे दिले, म्हणजे दणका वेढ्यांत जिरू लागला. पाय फाकू नयेत म्हणून मधे आडवी तार ताणली. महिनाभर तो माझ्या पायांशी बसून होता. नीला, त्याची बायको, एकदा म्हणाली, “अहो, माझ्या पायाला भेगा पडल्यात, तिकडेपण बघा कधी.” सहदेव हसला. त्याला हसताना मी फारसे पाहिले नाही, म्हणून ते लक्षात आहे.

पाय झकास झाले. घोडे अडले ते पेट्रोलपाशी.

गोल उडताना टाकीतले पेट्रोल बाहेरच्या अंगाला फेकले जाई आणि शोषून घेणारी नळी होती आतल्या अंगाला. टाकी अर्धी झाली की मी खोकू लागे. हे त्याने शोधून काढले आणि नळी बाहेरच्या कोपऱ्यात वळवली. खोकला गेला. पण मग नवेच दुखणे जडले. मी झोकात उडे, दीडेक मिनिट झाले की इंजिनाचा आवाज बारीक होई आणि ते बंद पडे. उघडून पाहावे तर टाकी जवळजवळ भरलेली. थोडे थांबून सुरू करावे तर खुशाल चाले. पुन्हा दीड मिनिटाने तेच. प्रत्येक वेळी मी त्या नव्या पायांवर अलगद उतरे, आणि सहदेव कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत राही. त्याने प्लग बदलला. पेट्रोल फडक्यातून गाळले. टाकीतून थेंबही सांडू नये म्हणून झाकणाला सायकलच्या ट्यूबचा वायसर लावला होता, तो आणखी घट्ट केला.

शेवटी त्याने मला आपल्या कामावर, कल्याणच्या गॅरेजात नेले. तिथले धोंडीबा मिस्त्री वयस्क आणि तिखट जिभेचे. त्यांनी टाकी हातात घेतली, फिरवून पाहिली.

“अरे सहदेव, हिचं नाक कुठंय?”

“नाक?”

“श्वास कुठून घेते ही? तेल खाली गेलं की वरची जागा कुणी भरायची, तुझ्या आज्यानं? घासलेटच्या डब्याला दोन भोकं का पाडतो आपण? एक ओतायला, एक हवेला. तू तर बूचच मारून ठेवलंयस.”

सहदेव ओशाळून हसला. “मिस्त्री, मी चाकंवाला. तेलाचं मला काय कळतंय?”

“मग आता कळू दे. मोठ्या विमानालाही असणारच ती. पोटाखाली वगैरे बघितली नाहीस कधी? नुसती उघडी नळी असेल. तिला काही जोडलेलं नसतं, म्हणून माणसाला वाटतं, बिनकामाची आहे.”

सहदेवच्या हातात माझा पंख होता. तो त्याने हळूच बाकावर ठेवला.

“चाकाच्या खाचेशेजारी,” तो म्हणाला.

“काय?”

“नळी. बोटाएवढी. चाकाच्या खाचेशेजारी होती.”

मग त्याने धोंडीबांना सगळे सांगितले. भर दुपारी, बाहेर ट्रकचे भोंगे वाजत असताना. धोंडीबांची जीभ पहिल्यांदाच मऊ झाली. “वेडा आहेस का? लढाईतलं विमान ते. गोळी लागली असेल, तेलात पाणी गेलं असेल, शंभर कारणं. एवढ्या वाऱ्यात फूल टिकतंय होय? धावपट्टी सोडायच्या आत गळून पडलं असेल. काय घट्ट खोचलं होतंस का?”

“आठवत नाही,” सहदेव म्हणाला. “मिस्त्री, तेवढंच आठवत नाही.”

धोंडीबांनी माझ्या टाकीला पितळेची बारीक नळी डाख देऊन लावली आणि तिचे तोंड पोटाखाली, चाकांशेजारी बाहेर काढले. मी सुरू झाले आणि टाकी पार कोरडी होईपर्यंत एकदाही थांबले नाही. माझे दुखणे गेले, मित्रांनो, आणि त्याचे सुरू झाले. त्याने मला घरी आणले आणि दोन महिने हात लावला नाही.

“मी सांगणार त्यांना,” तो एक दिवस नीलाला म्हणाला. “ते फूलच असेल तर त्यांना कळायला नको? मी त्यांच्या हातचा चहा पितो.”

“आणि नसलं तर?” नीला म्हणाली. “तुम्हालाच नक्की ठाऊक नाही. सांगून तुम्ही मोकळे व्हाल. त्यांच्याजवळ एवढं एक फूल आहे, तेपण काढून घेणार का?”

तिचे बोलणे त्याला पटले की नाही, हे मला कळले नाही. पण चोपन्न सालच्या दसऱ्याला त्याने मला गॅरेजच्या ट्रकात घातले आणि ठाण्याला नेले.

मैदानात रखमाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. धुवट नऊवारी, हातात पानाचा पुडा. मला पाहून त्या उठल्या. माझ्या नाकावरून हात फिरवला, शेपटीवर सहदेवने रंगवलेला आठ आकडा बोटाने गिरवला. मग पुडा उघडून त्यांनी झेंडूचे एक फूल काढले.

“सहदेवा, तू तेव्हा खोचलंस ना, तिथंच खोच.”

सहदेव खाली वाकला. फूल नळीत खोचले. रखमाबाईंनी डोळे मिटून हात जोडले, आणि तेवढ्यात चाके तपासायचे निमित्त करून त्याने ते फूल काढून सदऱ्याच्या खिशात टाकले.

बरोबर आलेल्या धोंडीबांनी पंखा फिरवला, मला सोडले, आणि मी उडाले. इतके चांगले मी आधीही कधी उडाले नव्हते आणि नंतर तर उडालेच नाही. पेट्रोल संपले तेव्हा आवाज थांबला. सहदेवने मूठ अलगद कलती केली, मी खाली खाली येत गेले आणि दोन्ही चाके एकदम गवताला टेकली. वेढ्यांनी दणका गिळला. मी थोडे धावले आणि उभे राहिले.

रखमाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. “असा उतरायचा होय,” त्या म्हणत होत्या. “असा उतरायचा माझा दौलत.” मग त्या सावकाश चालत माझ्यापाशी आल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली बसल्या आणि माझ्या पोटाखाली डोकावल्या.

“फूल कुठंय रे?”

सहदेव गडबडला. “वाऱ्यानं उडालं असेल, आई.”

रखमाबाई बराच वेळ नळीच्या त्या रिकाम्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे त्या दिवशीचंही असंच उडालं असेल,” त्या म्हणाल्या. “एवढ्या वाऱ्यात कुठलं टिकतंय. मला उगाच वाटायचं, शेवटपर्यंत त्याच्यासंगं होतं. पोर एकटंच गेलं.”

मित्रांनो, मी त्याच्या पायाशी होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. ‘हो आई, उडालं असेल’ एवढेच म्हणायचे होते. म्हणजे तो निर्दोष ठरत होता, आणि तेही खुद्द दौलतच्या आईच्या तोंडून. पण फूल खिशात होते आणि समोर ती बाई होती.

“नाही आई,” सहदेव म्हणाला. “आज सैल राहिलं माझ्याकडनं. त्या दिवशी मी घट्ट खोचलं होतं. आतपर्यंत. ते उडालं नाही. शेवटपर्यंत त्याच्याबरोबरच होतं.”

“नक्की?”

“नक्की. मीच खोचलं होतं.”

रखमाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. तो मान खाली घालून उभा राहिला. धोंडीबा तोंड फिरवून तारा गुंडाळू लागले.

मी टेंभी नाक्यावर रखमाबाईंकडे तीन वर्षे राहिले. त्या समाधानाने गेल्या. त्यानंतर सहदेवने मला या शाळेला दिले. पहिल्या वर्षी माझ्याकडे बघायला गर्दी होई, पुढे इन्स्पेक्टर येणार असले की फडके फिरे, आता तेही नाही. माझी तक्रार नाही. एक मागणे मात्र आहे. कुणाला जीव लावाल, मग ते यंत्र असो, जनावर असो की माणूस, तर त्याचा श्वास कुठून चालतो ते आधी समजून घ्या आणि मग काय वाहायचे ते वाहा. सहदेवने प्रेमात काही कमी केले नव्हते. एक छोटी गोष्ट त्याला माहीत नव्हती, आणि ती कुणी त्याला सांगितली नव्हती.

आणि आणखी एक. रोज सकाळी तुमच्या फाटकावरून एक वाकलेला माणूस डबा घेऊन कामाला जातो. या खिडकीकडे बघतो, घटकाभर थांबतो आणि निघून जातो. माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. एक दिवस त्याला आत बोलवा, मित्रांनो. बसायला खुर्ची द्या, पाणी द्या. काही विचारू मात्र नका.