हेर्डिसचं पुस्तक

"हेर्डिसने तोंड बंद ठेवायला हवं होतं," बाल्डूर म्हणत होता. "मेलेल्यांना उकरून काढायचं, आणि वर छापायचं!"

"का म्हणून बंद ठेवावं?" एड्डा फणकारली. "ढिगाऱ्याखाली रात्रभर ती होती, तू नव्हतास."

तेवढ्यात राग्ना गरम पाण्याच्या कुंडात उतरली आणि दोघांचीही दातखीळ बसली. मग बाल्डूरने हवेचा विषय काढला. आइसलंडमध्ये अडचणीच्या वेळी हा विषय कधी दगा देत नाही.

पोहण्याच्या तलावाशेजारचं हे कुंड म्हणजे गावाचा पार. गळ्याइतक्या पाण्यात बसून लोक इथे जगाची उठाठेव करतात. नाताळात एकमेकांना पुस्तकं द्यायची इथली रीत; यंदा देशभर घरोघरी हेर्डिसचं पुस्तक भेट म्हणून गेलं. राग्नाला मात्र तिघांनी लोकरीचे मोजे दिले. गाव तिला जपत होतं, आणि जपता जपता तिच्याशी धड बोलेनासं झालं होतं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, अकरा जानेवारीच्या संध्याकाळी डोंगरावरचं बर्फ गावावर कोसळलं. अर्धं गाव गेलं, सगळा देश हळहळला. राग्ना तेव्हा मासळीच्या कारखान्यात पाळीवर होती. घरी सात वर्षांचा ओरी आणि त्याला सांभाळायला शेजारची हेर्डिस. हेर्डिस वाचली.

दुसऱ्या दिवशी राग्ना बाल्डूरच्या दुकानात गेली.

"पुस्तक दे."

"संपलं."

"मग ते मिठाचं पोतं कशावर ठेवलंयस?"

बाल्डूरचा चेहरा उतरला. "नको गं वाचूस. मी तुला नाही विकणार. काय बोलायचंय ते बोल."

"पण का?"

तो स्टुलावर बसला. ओरीला बाहेर काढणाऱ्यांत तो होता. पोराला काही कळलंच नाही, बर्फ आलं त्याच क्षणी गेला, हे वाचलेल्यांना ठेवलं होतं त्या शाळेच्या हॉलमध्ये येऊन, तिचे हात धरून त्यानेच तिला सांगितलं होतं.

"खोटं बोललो मी," बाल्डूर म्हणाला. "हेर्डिसने आम्हाला तेव्हाच सगळं सांगितलं होतं. पण तुझं तोंड बघून माझी जीभ रेटेना."

 राग्नाने स्वतःच पोतं बाजूला ओढलं, वरची प्रत उचलली, पैसे ठेवले आणि घरी आली.

कोट न काढताच ती स्वयंपाकघरात वाचायला बसली. ढिगाऱ्याखाली ओरी जवळजवळ पहाटेपर्यंत बोलत होता. आधी रडला, मग हेर्डिसला कोडी घालू लागला. तिला उत्तर आलं नाही की हसायचा. 'आईची पाळी संपली की ती येईल,' असा धीर उलट तोच तिला देत होता. त्या वेळी आई हॉलमध्ये होती. डोंगरावर अजून बर्फ आहे, बाहेर जायचं नाही, असं सांगून लोकांनी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती, आणि तिने त्यांचं ऐकलं होतं.

राग्ना टेबलावर वाकून रडली. मग डोळे पुसून तिने तेच पान पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं. ओरी अकरा तारखेला गेलाच नव्हता. मध्यरात्र उलटून गेली होती. बारा तारीखही त्याचीच होती, आणि ती तिला आजवर कुणी दिलीच नव्हती.

अकरा तारखेच्या संध्याकाळी दरवर्षीप्रमाणे गाव कंदील घेऊन दफनभूमीकडे निघालं. एड्डाने राग्नाचं दार वाजवलं.

"चल गं, सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

"आज नाही येत मी. उद्या जाईन."

"उद्या? उद्या कोण असणार आहे तिथे?"

"ओरी."

एड्डाने कंदील वर धरून तिचा चेहरा न्याहाळला. पुस्तकाने हिचं डोकं फिरलं, हे सकाळी कुंडात सगळ्यांना कळणार, हे राग्नाला ठाऊक होतं. "पाय घसरेल, जपून जा," एवढंच म्हणून तिने दार लावलं.

बारा तारखेला सकाळी ती एकटीच गेली. कालचे दिवे विझले होते. ओरीच्या दगडावरचं बर्फ तिने हाताने झाडलं, मेणबत्ती लावली. बरोबर आणलेलं मासळीचं रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावर, ओरीजवळ बसली. जानेवारीत इथे उजाडायला दुपार होत येते. उजाडेपर्यंत ती तिथून हलली नाही.